उसन्या पाण्यावरचे पक्षी

एप्रिलात कर्जत तालुक्यातल्या कुठल्याही ओढ्यात उतरा, दिसतात ते दगड. पावसाळ्यात ज्याच्या आवाजानं कान किटतात त्या पाण्याचा मागमूस नसतो. एखाद्या डोहात हिरवट पाणी साचलेलं, त्याभोवती गुरांच्या खुरांचे ठसे, आणि एखादा धोबी शेपटी हलवत फिरणारा. पेज नदी मात्र या हिशेबात बसत नाही. ऐन उन्हाळ्यात ती गुडघाभर, कुठे कमरेइतकी वाहत असते, आणि तिच्या काठच्या दगडावर वंचक, म्हणजे आपली ढोकरी, मान आखडून बसलेली असते. पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा मला वाटलं, जवळपास जिवंत झरा असणार.

झरा नव्हता, वीजघर होतं. घाटमाथ्यावर मावळात आंद्रा नावाची नदी आहे. तिचा स्वभावधर्म पूर्वेकडे वाहण्याचा. आंद्रा इंद्रायणीला मिळते, इंद्रायणी भीमेला, भीमा कृष्णेला, आणि सगळं पाणी शेवटी बंगालच्या उपसागरात. टाटांनी ठोकरवाडीला या नदीवर धरण बांधलं आणि तिचं पाणी बोगद्यातून नि नळांतून पश्चिमेकडे, सह्याद्रीच्या कड्यावरून सुमारे पाचशे मीटर खाली आणलं. पायथ्याला भिवपुरीचं वीजघर 1922 मध्ये सुरू झालं. टर्बाइन फिरवून मोकळं झालेलं पाणी पेजेत सोडतात, पेज ते उल्हासला देते, आणि तेच पाणी पुढे उल्हासकाठच्या शहरांच्या नळांना येतं. खालापूर तालुक्यात हाच प्रकार त्याआधी, 1915 मध्ये, खोपोलीला झाला होता. लोणावळ्याच्या वळवण, शिरवता या तलावांचं पाणी खोपोलीच्या वीजघरातून पाताळगंगेत उतरतं. पाताळगंगा बारमाही आहे ती त्यामुळे.

म्हणजे कर्जत-खालापूरचा उन्हाळी पाणपक्षी उसन्या पाण्यात उभा असतो. पाणपक्ष्यांच्या फोटोंशी याचा थेट संबंध आहे म्हणून ही गोष्ट आधी सांगितली. इथलं पाणी निसर्गाच्या वेळापत्रकानं कमी आणि माणसाच्या वेळापत्रकानं जास्त चालतं. पक्ष्यांनी ते वेळापत्रक पाठ केलेलं आहे. रविवारच्या लोकलनं उतरून गळ्यात कॅमेरा अडकवून निघालेल्या आपल्यासारख्या माणसानं केलेलं नसतं. माझ्या पहिल्या दोनेक वर्षांचे फोटो पाहिले की हा फरक लख्ख दिसतो. त्यात बहुतेक पक्ष्यांच्या पाठी आहेत.

वीजघरं ठरावीक एका गतीनं चालत नाहीत. विजेची मागणी वाढली की पाणी जास्त सुटतं, मागणी उतरली की कमी. साहजिकच खालच्या नदीची पातळी दिवसातून वरखाली होते. पाणी उतरतं तेव्हा खडकांची काळी, शेवाळी कड उघडी पडते. तिथे अडकलेले बारके मासे, किडे, झिंगे टिपायला तुतवार, करडा धोबी, लहान बगळे उतरतात. फोटो काढायचे ते तेव्हा. पाणी चढू लागलं की हीच मंडळी काठावर येऊन पिसं साफ करत बसतात. आणखी एक, हे फोटोपेक्षा महत्त्वाचं : नदीच्या मधल्या खडकावर तिवई लावून बसू नये. पाणी चढताना फारसा आवाज करत नाही. मी एकदा डोळा कॅमेऱ्याला लावून बसलो होतो आणि चप्पल वाहत गेली तेव्हा मला कळलं. चपलेवर निभावलं.

पेजेच्या पाण्याचा एक फाटा राजनाला कालव्यातून शेतांत जातो. कोकणात भात म्हटलं की पावसाळा, पण राजनाल्याच्या पाण्यावर कर्जत तालुक्यातली कितीतरी गावं उन्हाळी भात घेतात. भाताच्या ‘कर्जत’ नावाच्या जाती शेतकऱ्यांना ठाऊक आहेत. त्या इथल्याच कृषी संशोधन केंद्रात तयार झाल्या. चिखलणी सुरू झाली की पॉवर टिलरमागे बगळ्यांची रांग लागते. आता बगळ्यांच्या जोडीला उघड्या चोचीचे करकोचेही दिसतात. यांची चोच मिटली तरी मधे फट राहते. पाणगोगलगाय धरायला आणि कवचातून मांस ओढून काढायला ती कामी येते. पिल्लांच्या चोचीला फट नसते, वयाबरोबर ती पडत जाते. त्यामुळे करकोच्याचा फोटो काढलात तर घरी येऊन चोच मोठी करून पाहा. समोरचा पोक्त आहे की नवशिका, त्याचा अंदाज येतो.

शेताच्या बांधावर टिलर चालवणाऱ्याची परवानगी विचारून बसलात तर दहा मीटरवर बगळे येतात. टिलर बंद झाला, की सगळे उठून दुसऱ्या शेतात. त्यांचा तुमच्याशी काही संबंध नसतो. ते टिलरच्या हाजरीपटावर असतात.

धरणांचं गणित वेगळं. दोन्ही तालुक्यांत लहानमोठे तलाव पुष्कळ : कर्जतकडे पळसदरी, सोलनपाडा, पाली-भुतिवली, खालापूरकडे डोणवत, भिलवले, कलोते, आणि मोठं म्हणजे मोरबे, जे नवी मुंबईला पाणी देतं. पळसदरी तर खोपोलीच्या लोकलवरचं स्टेशन, तिथून तलावापर्यंत पायी जाता येतं. सुट्टीच्या दिवशी माणसं जातात ती धरणाच्या भिंतीवर. तिथे हवा लागते, वडापाव मिळतो, सेल्फी चांगली येते. पक्षी मात्र नेमके भिंतीपाशी नसतात, कारण भिंतीशी पाणी सर्वांत खोल. ज्याला चालत खायचंय त्याला खोल पाणी काय कामाचं? तिथे सापडतात बुडी मारणारे : टिबुकली, पाणकावळा, कुठे वारकरी. चालून खाणारे सगळे तलावाच्या दुसऱ्या टोकाला असतात. तिथे ओढा तलावात शिरतो आणि पाणी वीतभर, टाचभर होत होत संपतं. पाटबंधारे खात्याची माणसं त्या भागाला फुगवटा म्हणतात. भिंतीवरून फुगवट्याच्या टोकापर्यंत चालत जायला कधी अर्धा तास, कधी तास लागतो. माझ्या मते या पट्ट्यात पक्ष्यांचा फोटो काढण्याची निम्मी कला त्या चालण्यात आहे.

फुगवटाही जागचा हलतो. सप्टेंबरात तलाव काठोकाठ असतो आणि पाणी थेट गवताला टेकतं. डिसेंबरपासून उतरू लागतं आणि दर महिन्याला काठानं चिखलाची नवी पट्टी मोकळी होते. कोणाचे पाय किती लांब यावर कोण कुठे उभा राहणार ते ठरतं. शेकाट्याचे लाल पाय शरीराच्या मानानं इतके लांब की तो पोटाशी पाणी येईपर्यंत आत जातो. तुतवार कडेकडेनं. त्यामागे ओल्या चिखलावर छोटे चिखले, आणि कोरड्या पडलेल्या गोट्यांवर टिटवी. बसमध्ये राखीव जागा असाव्यात तसं. जानेवारीत एका तलावाच्या टोकाला गेलात आणि मार्चमध्ये पुन्हा तिथेच गेलात, तर तुमची जानेवारीची बसायची जागा पाण्यापासून शंभर पावलं दूर गेलेली असते. जुन्या जागेचा आग्रह धरू नये. मोरब्यासारख्या पिण्याच्या पाण्याच्या धरणावर आधी चौकशी करावी. आणि पावसाळ्यात धरणं, धबधबे यांवर बंदीचे आदेश निघतात ते पाळावेत. जुलैत सांडव्याच्या पाण्यात उतरून मिळेल असा कुठलाही पक्षी नाही.

आता प्रकाश. फोटोग्राफीच्या पुस्तकांत लिहिलेलं असतं की सूर्योदयानंतरचा पहिला तास सोन्याचा. लिहिणारा सपाट मुलुखातला असावा. कर्जतच्या पूर्वेला सह्याद्रीची भिंत आहे. पायथ्याच्या गावात उभं राहिलं तर पाच किलोमीटरवरची सहाशे मीटर उंच कड क्षितिजापासून सुमारे सात अंश वर येते. डिसेंबरात सूर्य तासाला साधारण तेरा अंश चढतो. म्हणजे पंचांगातल्या सूर्योदयानंतर अर्ध्या तासाहून जास्त वेळ तुम्ही सावलीत असता. कड्याच्या आणखी जवळ गेलात, सोलनपाड्यासारख्या ठिकाणी, तर याहूनही उशीर. उलट नेरळच्या बाजूला पश्चिमेला माथेरानचा डोंगर. तिथे संध्याकाळ घड्याळाच्या आधी होते. या मुलुखात प्रकाश दोन डोंगरांमध्ये कोंडलेला आहे, आणि त्याला दोन्हीकडून कात्री लागते.

सावलीतला तास वाया जात नाही, फक्त कॅमेऱ्याकडून वेगळी अपेक्षा ठेवावी लागते. तेव्हा उडणाऱ्या पक्ष्यामागे धावू नये. सेकंदाच्या हजाराव्या भागाचं शटर मिळवायला आयएसओ इतका चढवावा लागतो की पक्ष्याच्या अंगावर रवा पडल्यासारखं दिसतं. बसलेले, स्थिर, विचारात पडलेले पक्षी तेव्हा घ्यावेत. धुकं असलं तर उत्तमच, मागचा मोबाइलचा टॉवर त्यात नाहीसा होतो. मग कड्यावरून ऊन उतरतं आणि तलावावर एकदम पसरतं. त्यानंतरचा तासभर खरा सोन्याचा. मार्च-एप्रिलात दहा वाजले की पाण्यावरची हवा तापून लहरू लागते. मग लाखाची लेन्स असली तरी दूरचा पक्षी पाण्याखालून पाहिल्यासारखा येतो. लेन्सला शिव्या न देता नाश्त्याला जावं.

वाऱ्याचा एक हिशेब मला फार उशिरा कळला, आणि कळल्यावर स्वतःचा राग आला. पक्षी शक्यतो वाऱ्याकडे तोंड करून उडतो आणि उतरतोही तसाच, जसं विमान. हिवाळ्यात कोकणात सकाळी वारा बहुधा जमिनीकडून, म्हणजे घाटाकडून येतो. दुपारनंतर तो फिरतो आणि समुद्राकडून येतो. म्हणजे सकाळी वारा पूर्वेचा, ऊनही पूर्वेचं. दुपारी वारा पश्चिमेचा, ऊनही पश्चिमेचं. सकाळी तलावाच्या पूर्वेच्या काठावर ऊन पाठीशी घेऊन बसलात, तर उठणारा पक्षी तुमच्याकडे तोंड करून उठेल आणि त्याच्या तोंडावर ऊन असेल. दुपारी समोरच्या काठावर जायचं, बस. एवढी सोय किती ठिकाणी असते? मी दोन वर्षं सकाळी पश्चिमेच्या काठावर बसत होतो, कारण तिथे झाडाची सावली होती. पाठींचे फोटो तिथूनच आले.

कॅमेरा कोणता घ्यावा, हा प्रश्न मला नेहमी विचारतात. त्याऐवजी अंतराचं एक गणित सांगतो. वंचक चोचीपासून शेपटीपर्यंत साधारण 45 सेंटिमीटर. तो 40 मीटरवर असेल आणि तुमच्याकडे 400 मिलिमीटरची लेन्स असेल, तर सेन्सरवर त्याची प्रतिमा साडेचार मिलिमीटर पडते. मोठ्या, फुल फ्रेम सेन्सरची रुंदी 36 मिलिमीटर. म्हणजे तुमचा पक्षी चित्राच्या रुंदीचा आठवा हिस्सा. लेन्स बदलून 600 मिलिमीटरची घेतलीत तर प्रतिमा दीडपट होईल. तीच जुनी लेन्स ठेवून 20 मीटरवर आलात तर दुप्पट, आणि क्षेत्रफळात चौपट. पुढची वीस पावलं कुठल्याही दुकानात विकत मिळत नाहीत. ज्यांच्याकडे लांब झूमचा साधा ब्रिज कॅमेरा आहे किंवा दुर्बिणीच्या भिंगाला मोबाइल टेकवून फोटो काढायची युक्ती जमली आहे, त्यांनी खंत करू नये. या नद्या-शेतांत ते कुणापेक्षा मागे राहत नाहीत.

पण ही वीस पावलं टाकायची कशी? पक्ष्याच्या दिशेनं सरळ चालत जाणारा प्राणी पक्ष्याच्या अनुभवात एकच असतो : खाणारा. इंग्लंडमध्ये रिचर्ड आणि चेरी केअर्टन या भावांनी 1895 मध्ये पक्ष्यांच्या घरट्यांवर एक पुस्तक काढलं. त्यातली सगळी चित्रं खऱ्या छायाचित्रांची होती, त्या काळी अपूर्वाईची गोष्ट. पक्ष्यांजवळ जाण्यासाठी या भावांनी पुढे काय करावं? एक मेलेला बैल भुसा न भरता पोकळ मढवून घेतला आणि कॅमेऱ्यासह त्याच्या पोटात जाऊन उभे राहिले. आत कोंडमारा व्हायचा, बैल कलंडायचा, तरी फोटो मिळाले.

कर्जतला पोकळ बैलाची गरज नाही. इथे खऱ्या म्हशी आहेत. तलावाच्या काठावर चरणाऱ्या म्हशींच्या कळपात आपण हळूहळू, म्हशीच्या चालीनं, मान खाली घालून सरकलो तर पक्षी आपल्याला म्हशीच्या खात्यात जमा करतात. थेट पक्ष्याकडे न जाता तिरकं जायचं, थांबायचं, पुन्हा तिरकं. पक्ष्यानं खाणं थांबवून मान ताठ केली की आपण थांबायचं. टिटवी असेल तर आधी डोकं खालीवर झटकते आणि मग ओरडते. एकदा टिटवी ओरडली की त्या काठावरचा तुमचा दिवस संपला. पंचतंत्रातल्या टिटवीच्या जोडप्यानं समुद्राशी भांडण काढलं होतं. आपल्याकडच्या टिटवीला भांडायला तलावभर पक्षी साक्षीला मिळतात, आणि सगळे तिच्याच बाजूनं उडतात.

नवख्यानं सुरुवात पाणकाव‌ळ्यापासून करावी. त्याची पिसं पाण्यात भिजतात. त्यामुळे बुडी मारायला सोपं पडतं, पण बाहेर आल्यावर वाळत बसावं लागतं. पंख पसरून दगडावर पाच-दहा मिनिटं उभा. इतका सोशिक मॉडेल फुकट मिळणं कठीण. अडचण एवढीच की तो काळा. कॅमेऱ्याचा मीटर समोरचं सगळं मध्यम राखाडी करायला पाहतो. काळा पक्षी चित्रभर असला तर मीटर उजेड वाढवतो आणि काळ्याचा राखाडी होतो. उलट काळपट पाण्यावर पांढरा बगळा असला तर मीटर पाण्याकडे पाहून उजेड वाढवतो आणि बगळा धुतलेल्या सदऱ्यासारखा कोरा येतो, एक पीस दिसत नाही. बगळ्यासाठी एक्स्पोजर मुद्दाम एक घर खाली घ्यावं. अंधारलेला भाग नंतर उजळता येतो, पण पांढऱ्यात हरवलेलं पीस कुठल्याच सॉफ्टवेअरला सापडत नाही.

वंचकाचं नाव ज्यानं ठेवलं तो निरीक्षक असला पाहिजे. बसलेला असतो तेव्हा मातीच्या रंगाचा, चार पावलांवर असला तरी दिसत नाही. उडाला की पंख, शेपटी सगळं पांढरंशुभ्र. फोटो हवा तो त्या क्षणाचा, ज्यात अर्धा पक्षी माती आहे आणि अर्धा दूध. तो क्षण ओळखायची खूण जरा ग्राम्य आहे पण खात्रीची : उडण्याआधी बगळे आणि शिकारी पक्षी पुष्कळदा शिटतात. वजन कमी करून निघत असावेत. पिसं अंगाला चिकटली, मान पुढे आली आणि पांढरी धार पडली, की बोट दाबून ठेवायचं. पाहुण्यांना हे सांगताना माझी बायको विषय बदलते.

खंड्याच्या बाबतीत शीट दुसऱ्या अर्थानं कामाची. तो पुन्हा पुन्हा त्याच फांदीवर, त्याच तारेवर येऊन बसतो. फांदीखालचे पांढरे ओघळ पाहिले की त्याची बैठक कळते. तिच्यासमोर उन्हाचा अंदाज घेऊन, वीसेक मीटरवर खाली बसून राहायचं. खाली बसून, हे विशेष. उभं राहून काढलेल्या पाणपक्ष्याच्या फोटोत मागे चिखल येतो. पक्ष्याच्या डोळ्याच्या पातळीला कॅमेरा आणला की मागे दूरचा काठ धूसर होतो आणि पक्षी त्यातून सुटा होतो. यासाठी धरणाच्या दगडी पिचिंगवर पोटावर पडावं लागतं. लोक विचारतात, काही पडलं का.

इथपर्यंत सगळं गमतीचं. पावसाळ्यात या पट्ट्याला आणखी एक पाहुणा येतो, आणि त्याच्यामागे येणारी गर्दी गमतीची नसते. तिबोटी खंड्या चिमणीएवढा, केशरी-जांभळा-पिवळा, रंगपेटी सांडल्यासारखा. जूनमध्ये पावसाबरोबर तो रानातल्या ओढ्यांवर येतो आणि मातीच्या उभ्या दरडीत बीळ खणून अंडी घालतो. पिल्लांसाठी बेडूक, खेकडे, सापसुरळ्या आणतो. घरटं सापडलं की बातमी फिरते आणि बिळासमोर छत्र्या नि तिवयांची ओळ लागते. स्वच्छ फोटोसाठी कोणी समोरची पानं तोडतं, कोणी सोयीची काटकी रोवतं. पानं तोडली की तेच बीळ सापाला आणि कावळ्यालाही स्वच्छ दिसतं. नर-मादी चोचीत खेकडा धरून तासभर फांदीवर घुटमळतात, आत जात नाहीत, आणि त्याचाच फोटो काढला जातो. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 चा. त्यातल्या ‘शिकार’ या शब्दाच्या व्याख्येत पक्ष्यांच्या अंड्यांना किंवा घरट्यांना उपद्रव देणंही येतं. बंदूक लागत नाही, तिवई पुरते.

जुन्या काळी घरट्यावर फोटो काढण्याला एक कारण होतं. कॅमेरे जड, काचा संथ; पक्षी हमखास परत येईल अशी जागा घरट्याशिवाय दुसरी नव्हती. भारतातल्या आरंभीच्या पक्षी-छायाचित्रकारांचं पुष्कळसं काम घरट्यावरचंच आहे. आजच्या कॅमेऱ्यानं ते कारण उरलेलं नाही. आपल्याच रायगड जिल्ह्यात, किहीमला, सलीम अली यांनी 1930 साली सुगरणीच्या वसाहतीपाशी शिडीवर आडोसा करून दिवसचे दिवस नुसतं पाहण्यात घालवले. सुगरण नर अर्धवट घरटं विणून थांबतो, मादी येऊन तपासते, पसंत पडलं तरच पुढचं काम होतं, आणि मग तोच नर दुसऱ्या घरट्याला लागतो, हे त्या बसण्यातून कळलं. कर्जतला शिंदीच्या झाडांवर, ओढ्यावर ओणवलेल्या बाभळींवर पावसाळ्यात अशा वसाहती लोंबत असतात. रस्त्यावरून, गाडीच्या काचेआडून त्यांचे उत्तम फोटो मिळतात. गाडीला पक्षी माणसाइतके बिचकत नाहीत. घरट्याच्या फोटोबद्दल माझा नियम इतकाच : जे घरटं रस्त्यावरून येणाऱ्याजाणाऱ्याला दिसतं, त्याचा फोटो रस्त्यावरूनच काढावा, जे शोधावं लागतं, ते पाहून पुढे जावं.

समुद्राची हौस असेल त्यानं हिवाळ्यात एखादा रविवार अलिबागजवळच्या आक्षीला द्यावा. पाताळगंगेचं पाणी धरमतरच्या खाडीतून त्याच समुद्राला मिळतं, म्हणजे तशी आपलीच नदी. किनाऱ्यावर कुरव, सुरय, चिखले यांचे थवे असतात. तिथे वेळापत्रक भरती-ओहोटीचं. भरती चढत असताना पाणी थव्याला आपल्याकडे ढकलत आणतं, तेव्हा वाळूवर आधीच आडवं होऊन थांबायचं. थव्यात धावत शिरून तो उडवायचा आणि उडताना फोटो काढायचा, हा उद्योग करणारे पाहिले की माझा रक्तदाब वाढतो. ते पक्षी हजारो किलोमीटर उडून आलेले असतात. त्यांना उडता येतं हे सिद्ध करायची गरज नसते.

माझ्याकडचा सगळ्यांत आवडता फोटो धूसर आहे. जानेवारीची दुपार, खालापूर तालुक्यातला एक तलाव, डोक्यावरून एक मोठा पक्षी गेला. घार समजून मी सवयीनं तीन वेळा बोट दाबलं आणि डबा उघडला. घरी फोटो मोठा केला तर पोट पांढरं, मनगटाशी काळे डाग, आणि पायांत मासा. मासा आडवा नव्हता. डोकं पुढे, शेपूट मागे, असा विमानाला बॉम्ब लावावा तसा धरलेला. कैकर, म्हणजे ऑस्प्रे, मासा असाच वळवून नेतो, वारा कमी अडतो. त्याच्या पायाचं एक बोट मागेही फिरतं, त्यामुळे निसरडा मासा दोन्हीकडून पकडता येतो. मी समोर असून यातलं काही पाहिलं नव्हतं, कॅमेऱ्यानं पाहिलं. स्पर्धेत तो फोटो कोणी पहिल्या चाळणीत ठेवणार नाही. पण तारीख नि जागेसह ई-बर्ड या पक्षिनोंदींच्या संकेतस्थळावर टाकला, तेव्हा त्या तलावावर त्या दिवशी कैकर होता याला पुरावा झाला. पाच ते बारा नोव्हेंबर आपल्या राज्यात पक्षी सप्ताह असतो, मारुती चितमपल्लींच्या जन्मदिनापासून सलीम अलींच्या जन्मदिनापर्यंत. त्या आठवड्यात एका तलावाच्या चार फेऱ्या मारून असे वीस-पंचवीस धूसर फोटो जमवले, तरी त्या तलावाची हिवाळ्याची हजेरी तयार होते.

पेजेच्या पाण्यावर परत येतो. गेल्या उन्हाळ्यात राजनाल्याच्या बाजूच्या एका शेतात मी करकोच्यांची वाट पाहत बसलो होतो. तासभर काही नाही. म्हशी घेऊन एक बाबा आले, माझ्याकडे पाहत उभे राहिले.

“कशाचा फोटू काढता भाऊ?”

“पक्ष्यांचा, बाबा.”

“मंग हितं कशाला बसलाव? पाणी आज वरल्या शेतात सोडलंय. समदी तिकडं हायेत. उद्या या हितं.”

कुठल्याच पुस्तकात ही माहिती नव्हती, माझ्या हिशेबांतही नव्हती. मी उठलो, तेवढ्यात त्यांच्या म्हशीच्या पाठीवर एक गाय बगळा येऊन बसला. विणीचा हंगाम जवळ आलेला, डोकं आणि गळा केशरी झालेला, उन्हात नुसता पेटलेला. मी खाली बसलो, एक्स्पोजर एक घर उतरवलं आणि काढला. बगळ्याच्या डोळ्यात उजेडाचा ठिपका आला होता, पीस न् पीस सुटं दिसत होतं. खूष होऊन कॅमेरा बाबांच्या पुढे धरला. त्यांनी हाताची सावली करून पडद्याकडे बराच वेळ पाहिलं.

“म्हस चांगली आलीय,” ते म्हणाले.